रायफल आणि काडतूस : आकडा एक, मापे अनेक

रायफलच्या नळीवर कोरलेला आकडा म्हणजे काडतुसाचे संपूर्ण नाव नव्हे. नुसते ‘८ मिलिमीटर’ म्हटले, तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात निघालेली किमान चार काडतुसे त्यात मोडतात : फ्रान्सचे १८८६ मधील लेबेल, पोर्तुगीज सैन्याने त्याच वर्षी स्वीकारलेल्या क्रोपाचेक रायफलचे, ऑस्ट्रियाचे मानलिखर आणि जर्मनीचे १८८८ मधील. चारही गोळ्या जवळपास सारख्याच जाडीच्या. परंतु पुंगळीची लांबी, घेर, खांद्याचा उतार आणि आतील दारू निरनिराळी. म्हणूनच जाणकार काडतुसाचे नाव ‘८ × ५० आर’ असे पूर्ण घेतात. पहिला आकडा बोअरचा, दुसरा पुंगळीच्या लांबीचा आणि ‘आर’ हे तळाशी असलेल्या काठाचे चिन्ह.

ही काटेकोर जुळणी का लागते, हे चेंबरच्या कार्यातून कळते. चाप ओढताच पितळी पुंगळी फुगते, चेंबरच्या भिंतींना घट्ट भिडते आणि तप्त वायू मागे येऊ देत नाही. .३०-०६ या प्रचलित काडतुसात दाबाची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ६०,००० पौंड मानली जाते. चेंबर सैल असेल तर पितळ फाटते आणि तोच वायू बोल्टच्या फटींतून नेमबाजाच्या डोळ्यांकडे व हातांकडे धाव घेतो. गोळी नळीपेक्षा जाड असेल तर ती अडखळते, दाब मर्यादेपलीकडे चढतो आणि बोल्टची किंवा नळीची शकले होऊ शकतात.

सर्वांत फसवे उदाहरण जर्मन माउझरचे आहे. त्याच्या ८ × ५७ काडतुसातील मूळ गोळी .३१८ इंच जाडीची होती; विसाव्या शतकाच्या आरंभी ती .३२३ इंच करण्यात आली. पुंगळी जवळजवळ तीच राहिल्याने नवे काडतूस कित्येक जुन्या रायफलींत विनातक्रार बसते. बोल्ट बंद होतो. पण नळी अरुंदच असते. ‘बसले म्हणजे जुळले’ हा समज किती घातक आहे, ते याच काडतुसाने दाखवून दिले. जर्मन नावातील शेवटचे ‘एस’ हे एक अक्षर येथे जिवाचे मोल ठेवते.

भारतात हा प्रश्न .३१५ रायफलीच्या रूपाने भेटतो. लष्करी .३०३ काडतूस चालेल अशी रायफल नागरिकांच्या हाती नको, या ब्रिटिश धोरणातून हे बोअर येथे रुजले. त्याचे काडतूस मानलिखरच्या ८ × ५० आरच्या कुळातले. ईशापूरच्या कारखान्यात घडलेली .३१५ रायफल मात्र ठेवणीने लष्करी ली-एनफिल्डची सख्खी बहीण वाटते. त्यामुळे केवळ बंदुकीच्या रूपावरून काडतूस ठरवणे धोक्याचे. पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘के एफ’ ही खूण .३०३ आणि .३१५ या दोन्ही काडतुसांच्या तळाशी आढळते. ती निर्मात्याची ओळख आहे, मापाची नव्हे. शिवाय आकडे स्वतःही फसवे असतात : .३०३ ची गोळी प्रत्यक्षात सुमारे .३११ इंचाची असते, कारण नाव नळीतील उंचवट्यांमधील अंतरावरून पडले आणि गोळीला खाचाही भराव्या लागतात.

तपासणीचा क्रम असा. नळीवरील संपूर्ण कोरीव नाव वाचावे. मग काडतुसाच्या पेटीवरील आणि प्रत्येक काडतुसाच्या तळावरील नाव त्याच्याशी ताडावे. एका पेटीत दुसरी काडतुसे मिसळू देऊ नयेत. जुन्या बंदुकीची नळी मागाहून बदललेली किंवा चेंबर खोदून वाढवलेले असू शकते, तेव्हा कोरीव नावही पुरेसे ठरत नाही. अशा वेळी परवानाधारक बंदूक-कारागीर कमी उष्णतेवर वितळणारा मिश्रधातू ओतून चेंबरचा ठसा घेतो आणि मापे काढतो. बोल्ट लावण्यास जोर लागत असेल तर तेथेच थांबावे. उडवलेली पुंगळी चिरलेली दिसली, किंवा आवाज नेहमीपेक्षा क्षीण आला, तर पुढचा बार काढू नये. गोळी नळीतच अडकलेली असू शकते.

गोव्यातील व सीमाभागातील अनेक घरांत रायफल नसते, बाराबोअर असते. तिथला धोका निराळा आहे. बारा हा आकडा, नळीत मावणाऱ्या शिशाच्या बारा गोलांचे वजन एक पौंड भरते यावरून आलेला, म्हणून वीस बोअर त्याहून बारीक. वीस बोअरचे काडतूस बाराबोअरच्या चेंबरमधून पुढे घसरून नळीच्या तोंडाशी अडकते. चेंबर रिकामे भासते, वर बाराचे काडतूस सहज चढते आणि बार होताच नळी फुटते. वीस बोअरची काडतुसे बहुधा पिवळी असतात ती याच कारणाने. बाराबोअरमध्येही अडीच इंची चेंबरला पावणेतीन इंची काडतूस वर्ज्य. ही लांबी उडाल्यानंतर उलगडलेल्या काडतुसाची असते, त्यामुळे न उडवलेले लांब काडतूस आखूड चेंबरमध्ये बिनबोभाट बसते.

वारशाने आलेल्या पेटीतील काडतुसांवरील अक्षरे पुसली असतील, पितळ हिरवे पडले असेल, तर ती अंदाजाने उडवून पाहू नयेत, पुरू नयेत किंवा जाळूही नयेत. काडतूस बाळगण्यासही परवाना लागतो. म्हणून ती स्वतः वाहून नेण्यापूर्वी पोलीस ठाण्यास कळवावे आणि परवानाधारक विक्रेत्यामार्फत त्यांची विल्हेवाट लावून घ्यावी.