अनवाणी पंचवीस मैल

पुण्यातील लांब पल्ल्याच्या शर्यतींचा इतिहास डेक्कन जिमखान्यापासून पाहावा लागतो. 1906 साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या क्रीडास्पर्धांत लोकांना सर्वांत आवडे ती ‘मॅरेथॉन’, म्हणजे सुमारे 25 मैलांची दौड. धावणारे बहुतेक शेतकरी घरांतले तरुण असत. खडीच्या रस्त्यांवरून आणि माळरानातून ते अनवाणी पळत. शास्त्रशुद्ध प्रशिक्षण त्यांना मिळाले नव्हते, युरोपातले नियमही ठाऊक नव्हते. मैदान इतके लहान की शंभर यार्डांची शर्यतसुद्धा वळणावरून होई.

1919 मध्ये या स्पर्धा पाहणाऱ्या उद्योगपती दोराबजी टाटांना मात्र या मुलांच्या दमाची किंमत कळली. पुढच्या वर्षी बेल्जियममधल्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ पाठवायचा, असा ध्यास त्यांनी घेतला. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांची मदत मिळाली, टाटांनी पदरचे पैसेही घातले. 1920 च्या एप्रिलमध्ये पुण्यात निवड चाचणी झाली आणि चार धावपटू व दोन कुस्तीगीर निवडले गेले.

त्यांपैकी बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार मॅरेथॉनमध्ये उतरले. शर्यत 22 ऑगस्टला झाली. अंतर 42.75 किलोमीटर, ऑलिंपिकच्या इतिहासातले सर्वांत लांब; 42.195 हा आजचा आकडा 1921 मध्ये कायम झाला. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन यांनी 2 तास 32 मिनिटे 35 सेकंदांत शर्यत जिंकली. चौगुले सुमारे 18 मिनिटे मागे, 2 तास 50 मिनिटांत, एकोणिसाव्या क्रमांकावर पोहोचले. पदकांच्या यादीत हा क्रमांक दिसत नाही, म्हणून तो विसरला गेला. काही महिन्यांपूर्वी खडीवर धावणाऱ्या माणसाने जगातल्या निवडक धावपटूंबरोबर एवढे अंतर संपवले, हेच खरे यश. त्यामानाने या कामगिरीची दखल फारच थोडी घेतली गेली.

1927 मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि टाटा तिचे पहिले अध्यक्ष झाले. पुण्यात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 पासून भरू लागली. आज येरवड्यातला नवशिक्या धावकही चांगले बूट घालून, आठवड्यागणिक अंतर वाढवत, चार-पाच महिन्यांच्या वेळापत्रकाने पहिल्या मॅरेथॉनची तयारी करतो. चौगुल्यांना यातले फारसे काही मिळाले नव्हते. पुण्यात मॅरेथॉनचा विषय निघाला, की त्यांचे नाव आवर्जून घेतले पाहिजे.