औषधसंयोग व अर्जित वर्तन

प्रयोगशाळेतील प्राण्याने शिक्षणाने आत्मसात केलेल्या वर्तनावर दोन वा अधिक औषधांचा एकत्रित परिणाम काय होतो, हा वर्तन-औषधविज्ञानातील एक कठीण प्रश्न आहे. त्याच्या अभ्यासास १९५० नंतरच्या दशकात चालना मिळाली. फ्रान्समध्ये आंरी लाबोरी या शल्यचिकित्सकाने भुलीस साहाय्यक म्हणून क्लोरप्रोमाझीन इतर औषधांच्या मिश्रणात वापरले. लगेच १९५३ मध्ये सिमोन कूर्व्हाझिये व सहकाऱ्यांनी, घंटा ऐकताच दोरीवर चढून विजेचा धक्का टाळावयास शिकलेल्या उंदरांवर त्याची परीक्षा घेतली. उंदीर घंटेकडे दुर्लक्ष करू लागले. ते शिकलेले विसरले, की त्यांना हालचालच करवेना? कुक व वाइडली यांनी १९५७ मध्ये याचा निवाडा केला : क्लोरप्रोमाझीन दिलेला उंदीर इशाऱ्याला दाद देत नाही, परंतु प्रत्यक्ष धक्का बसताच खांबावर चढतो, बार्बिट्युरेटे मात्र दोन्ही क्रिया मंदावतात.

उत्तेजक व शामक औषधे एकत्र दिल्यास ती परस्परांस निष्प्रभ करतील, ही समजूतही टिकली नाही. रटलेज व केलेहर यांनी १९६५ मध्ये, अन्नासाठी चोच मारण्यास शिकविलेल्या कबुतरांना मेथॲम्फेटामीन व पेंटोबार्बिटल एकत्र दिले. काही मात्रांत चोच मारण्याचा वेग कोणत्याही एका औषधाने होतो त्याहून अधिक आढळला. केवळ बेरीज-वजाबाकीने येथे भागत नाही.

नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात सी. टी. चोपडे व सहकाऱ्यांनी ॲलोप्रेग्नेनोलोन या मेंदूतही तयार होणाऱ्या स्टेरॉइडाचा अभ्यास केला. सेरोटोनिनवर कार्य करणारी औषधे सोबत दिल्यास, उंदरांच्या सक्तीच्या पोहण्याच्या चाचणीत दिसणारा त्याचा नैराश्यविरोधी परिणाम बदलतो, असे २००० मध्ये प्रसिद्ध झाले. ही चाचणी शिक्षणाची नव्हे, असा आक्षेप घेता येतो व तो रास्त आहे. अर्जित वर्तनाशी अधिक निकटचे काम नागपूरजवळील कामठीच्या श्रीमती किशोरीताई भोयर औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातून पुढे आले. निकोटीन मिळालेला कप्पा ओळखून तेथेच रेंगाळण्याची उंदरांची शिकलेली सवय ॲग्मॅटीन दिल्याने क्षीण होते व त्यात न्यूरोपेप्टाइड वाय या द्रव्याच्या यंत्रणेचा वाटा असतो, असा निष्कर्ष तेथील संशोधकांनी २०१४ मध्ये मांडला. येथे दुसरे औषध हे पहिल्याची क्रिया मेंदूतील कोणत्या मार्गाने घडते हे शोधण्याचे साधन होते. अशा प्रयोगात प्राण्याची चपळता व स्मृती स्वतंत्रपणे तपासावी लागते; एरवी सुस्त उंदीर कप्पा बदलत नाही एवढ्यावरून त्याची आवड गेली, असे समजले जाईल.