निद्रिस्त आरमार

पावसाळा तोंडावर आला कीं कोंकणचा कोळी आपली होडी वाळूवर ओढून घेतो, तिच्यावर नारळाच्या झांपांचें छप्पर घालतो आणि नारळी पौर्णिमेपर्यंत तिला विसांवा देतो. लांकडी होडीला एवढी तजवीज पुरते. परंतु ४५,००० टनांची पोलादी युद्धनौका दहा-वीस वर्षें झोंपवावयाची, आणि हांक मारतांच ती उठून उभी राहिली पाहिजे, असें म्हटलें तर काय करावें? दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हा प्रश्न अमेरिकन आरमारापुढें येऊन ठाकला.

या प्रश्नामागें एक कटु अनुभव होता. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेनें शेंकडों विनाशिका बंदरांत बांधून ठेविल्या होत्या. यंत्रांना ग्रीज फांसलें आणि पत्र्याला रंग दिला कीं काम भागलें, अशी तेव्हां समजूत होती. १९४० च्या सप्टेंबरांत अशा जुन्या ५० विनाशिका ब्रिटनला देण्याचा करार झाला. जर्मन पाणबुड्यांनीं अटलांटिक महासागरांत धुमाकूळ घातला होता व ब्रिटनला एकेका नौकेची निकड होती. पण हातीं आलेल्या नौकांपैकीं कित्येक नौका मोठ्या दुरुस्तीवांचून कामास लावण्याजोग्या नव्हत्या. ऐन संकटाच्या वेळीं महिने वांयां गेले.

ग्रीज कां पुरें पडत नाहीं, याचें कारण साधें आहे. लोखंडाला गंज चढण्यास पाणी व प्राणवायु हीं दोन्हीं लागतात. बंद जहाजांतील हवा दिवसां तापते व बाष्प धरून ठेवते. रात्रीं पोलाद निवालें कीं तेंच बाष्प दंव होऊन भिंतींवर, नळांवर व विजेच्या तारांवर उतरतें. प्रत्येक फटींत ग्रीज पोंचविणें अशक्य, आणि पोंचविलेंच तर पुढें तें खरवडून काढण्यांत आठवडे जावयाचे. तेव्हां लोखंड झांकण्याऐवजीं त्याच्याभोंवतालची हवाच कोरडी ठेवावी, हा विचार पुढें आला. हवेंत जितकें बाष्प मावूं शकतें, त्याच्या शेंकडा ३० च्या आसपासच तें राहूं दिलें, तर गंजण्याची क्रिया जवळजवळ थांबते.

या तत्त्वावर सुमारें २,००० जहाजें निजविण्याचा उद्योग सुरू झाला. प्रथम टांक्या व तळाचें पाणी उपसून जहाज आंतून धुऊन कोरडें करावयाचें. यंत्रांवर तेलाचा पातळ थर द्यावयाचा. मग दारें, झडपा व सांधे घट्ट बंद करावयाचे. नंतर आर्द्रता शोषणारें यंत्र चालूं होई. त्यांत सिलिका जेलसारख्या शोषक द्रव्याचे दोन थर असत. एक थर हवेंतील ओलावा टिपी. त्याच वेळीं दुसरा तापवून त्यांतला ओलावा बाहेर घालविला जाई. मग दोघांचीं कामें पालटत. आग विझविण्यासाठीं जहाजभर फिरविलेल्या नळांतूनच ही कोरडी हवा कोपऱ्याकोपऱ्यांत खेळविण्याची युक्तीहि योजिली गेली. डेकवरील तोफांवर धातूचे घुमट बसविले, अथवा प्लॅस्टिकचें आवरण फवारून त्यांचे कोश केले. काम सोपें नव्हतें. युद्ध संपलें होतें, खलाशांचे डोळे घराकडे लागले होते, आणि यंत्रें जाणणारीं माणसेंच भराभर सुटून जात होतीं.

परीक्षेची वेळ लवकरच आली. १९५० च्या जूनमध्यें कोरियांत युद्ध पेटलें. ‘न्यू जर्सी’ ही युद्धनौका १९४८ च्या जूनपासून बेयॉन येथें निजलेली होती. १९५० च्या नोव्हेंबरांत ती पुन्हां सेवेंत दाखल झाली, आणि १९५१ च्या मे महिन्यांत कोरियाच्या किनाऱ्यावर तिच्या तोफा धडाडूं लागल्या. पुढें १९५७, १९६९ व १९९१ सालीं ती पुन्हां सेवेंतून निवृत्त झाली; मधल्या काळांत १९६८ व १९८२ सालीं तिला जागविण्यांत आलें. आज ती कॅम्डन येथें संग्रहालय होऊन उभी आहे.

भारताच्या ‘विक्रांत’ नौकेची कथा याच्याशेजारीं ठेवून पाहण्यासारखी आहे. १९४५ सालीं इंग्लंडांत जलावतरण झालेली ही नौका काम अर्धें राहून दहा वर्षें स्कॉटलंडमध्यें पडून होती. भारतानें ती १९५७ सालीं विकत घेतली, व १९६१ सालीं ती मुंबईस आली. १९७१ च्या युद्धांत तिनें पराक्रम गाजविला. १९९७ सालीं निवृत्त झाल्यावर मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेंत ती संग्रहालय म्हणून उभी राहिली. परंतु २०१२ सालीं तिच्यावर लोकांना नेणें धोक्याचें ठरून संग्रहालय बंद झालें, आणि २०१४ सालीं ती मोडींत निघाली.

शत्रूच्या तोफा नौकेवर दिवस-दोन दिवस चालतात. समुद्रावरचें बाष्प तिच्यावर रात्रंदिवस चालून येत असतें. त्याला दाराबाहेर ठेवण्यास पैसा, वीज आणि रोज जाऊन आर्द्रतामापक पाहणारा कोणी तरी माणूस लागतो. तो माणूस जोंवर नेमलेला असतो, तोंवरच झोंपलेलें आरमार हें आरमार राहतें.