सिंगरचीं पांचशें पिस्तुलें

काळ्या कुळकुळीत अंगावर सोनेरी अक्षरांत ‘सिंगर’ हें नांव मिरविणारें शिवणाचें यंत्र मराठी मध्यम वर्गाच्या घरांत एके काळीं मोठ्या मानाचें होतें. घरांतल्या लेंकरांचीं झबलीं त्यावर शिवलीं गेलीं, आणि कित्येक निराधार मातांनीं त्याच्याच आधारावर मुलांचीं शिक्षणें पुरीं केलीं. तेंच नांव एका पिस्तुलावरहि कोरलेलें आहे, आणि अमेरिकेंतील हौशी संग्राहक त्या पिस्तुलासाठीं एखाद्या घराच्या किंमतीएवढी रक्कम आनंदानें मोजतात, असें सांगितल्यास पुष्कळांना नवल वाटेल. नाणीं, तिकिटें, पोथ्या जमविण्याचा नाद आपणांस समजतो; पिस्तुलांचा नाद समजण्यास मात्र थोड्या मागच्या काळांत जावें लागतें.

१८९९ सालीं फिलिपाइन्स बेटांत अमेरिकन सैन्याचा तेथील लोकांशीं झगडा सुरू झाला. पुढें दक्षिणेकडील मोरो योद्ध्यांशीं गांठ पडली, तेव्हां ३८ शतांश इंची रिव्हॉल्व्हरची गोळी लागूनहि अंगावर चालून येणारा माणूस थांबत नाहीं, अशा तक्रारी येऊं लागल्या. म्हणून १९०४ सालीं थॉम्पसन नांवाचा शस्त्रखात्याचा अधिकारी व लागार्ड नांवाचा लष्करी डॉक्टर यांनीं शिकागोच्या कत्तलखान्यांत जिवंत जनावरांवर, तसेच मानवी प्रेतांवर गोळ्या झाडून प्रयोग केले, आणि गोळी ४५ शतांश इंचाहून लहान असूं नये असा निर्णय दिला. हे प्रयोग वाचतांना अंगावर शहारे येतात. पण ज्या पिस्तुलावरून संग्राहक आज प्रेमानें हात फिरवितो, त्याच्या मापाचा जन्म येथला आहे, हें विसरून चालणार नाहीं.

त्या मापाचें पिस्तूल घडविलें तें जॉन ब्राउनिंग यानें. यूटा प्रांतांतील ऑग्डेन गांवीं १८५५ सालीं जन्मलेला हा बंदूक घडविणाऱ्या बापाचा मुलगा. गोळी सुटतांना जो धक्का मागें बसतो तो वायां न घालवितां त्याच्याकडूनच काम करून घ्यावयाचें, ही त्याच्या रचनेंतील मुख्य कल्पना. त्या धक्क्यानें वरचा पोलादी भाग मागें सरकतो, रिकामें काडतूस बाहेर फेंकतो, आणि स्प्रिंगच्या जोरानें परत येतांना नवें काडतूस नळींत बसवितो. मात्र दर गोळीस चाप नव्यानें ओढावा लागतो, म्हणून हें शस्त्र ‘अर्धस्वयंचलित’. १९०७ सालीं सरकारनें स्पर्धा मांडली, तींत कोल्ट कंपनीनें ब्राउनिंगचें पिस्तूल पुढें केलें. सॅव्हेज ही दुसरी अमेरिकन कंपनी आणि जर्मनीचा लुगर हेहि उतरले. शेवटीं कोल्ट व सॅव्हेज यांचीं दोन-दोनशें पिस्तुलें सैन्यांत वापरून पाहण्याचें ठरलें. १९११ च्या मार्च महिन्यांत अखेरची कसोटी झाली. सहा हजार गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांत सॅव्हेज ३७ वेळां अडलें, कोल्ट एकदांहि नाहीं. त्याच महिन्याच्या २९ तारखेस कोल्टला पसंती मिळाली, आणि तें पिस्तूल १९८५ पर्यंत अमेरिकन सैन्याच्या कमरेस राहिलें. सॅव्हेजचीं दोनशें पिस्तुलें सरकारनें विकून टाकलीं. त्या वेळीं तीं हरलेल्याचा माल होता. आज तींच दुर्मिळ ठरून जिंकणाऱ्याच्या लाखों पिस्तुलांहून महाग झालीं आहेत!

सिंगरची कथा याहून चमत्कारिक आहे. युरोपांत युद्धाचे ढग जमूं लागले तेव्हां, युद्ध अंगावर आल्यास कोल्टचा एक कारखाना पुरा पडणार नाहीं, हें अमेरिकन सरकारनें ओळखलें. म्हणून १९३८ सालीं कायदा करून, ज्यांनीं कधीं शस्त्र बनविलें नाहीं अशा कारखान्यांना थोडें थोडें काम देऊन शिकवून ठेवण्याची योजना आंखली. अशा कामास ‘शैक्षणिक मागणी’ असें नांव होतें. १९४० सालीं सिंगरला पांचशें पिस्तुलांचें काम मिळालें. बारीक पोलादी भाग हजारोंनीं एकसारखे घडविण्यांत ज्याची हयात गेली, त्या कारखान्यास हें कठीण नव्हतें. एस ८००००१ पासून एस ८००५०० पर्यंतचे अनुक्रमांक कोरलेलीं तीं पिस्तुलें सुबक निळसर झिलई चढवून तयार झालीं, आणि तेथेंच तें काम संपलें. विमानांवर तोफांचा नेम साधून देणारीं किचकट यंत्रें करण्याकडे सिंगरची योजना झाली, व पिस्तुलांची सामग्री इतर कारखान्यांकडे गेली.

त्यांतला मुख्य कारखाना रेमिंग्टन रँडचा. ज्यांच्या टाइपरायटरांची टकटक आपल्याकडील कचेऱ्यांतूनहि दिवसभर चाले, तेच हे. त्यांनीं पावणेनऊ लाखांच्या आसपास पिस्तुलें केलीं, म्हणजे खुद्द कोल्टहूनहि अधिक. रेल्वेचे सिग्नल करणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नल कंपनीनें १९४३ सालीं ५५ हजार केलीं. या सर्वांवर सरकारची एक अट होती: कोणत्याहि कारखान्याच्या पिस्तुलाचा कोणताहि भाग दुसऱ्या कोणत्याहि पिस्तुलांत चपखल बसला पाहिजे. १९४३ च्या आरंभीं रेमिंग्टन रँडचीं पिस्तुलें या कसोटीस उतरेनात, तेव्हां दोष निघेपर्यंत काम थांबवावें लागलें. सैन्याच्या दृष्टीनें एक पिस्तूल दुसऱ्याहून वेगळें असणें हाच मोठा दोष.

आणि नेमका हाच दोष संग्राहकाच्या दृष्टीनें सर्वांत मोठा गुण! येथेंच या नादांतील गंमत आहे, आणि कष्टहि. सरकारी दुरुस्तीशाळांत शेंकडों पिस्तुलें एकदम खोलीत. हाताला येईल तो भाग ज्याला बसेल त्याला बसवीत, आणि मूळची झिलई घांसून वर करडा लेप चढवीत. त्यामुळें वरचा भाग एका कारखान्याचा, सांगाडा दुसऱ्याचा, नळी तिसऱ्याची, असा मेळ पुष्कळ पिस्तुलांत दिसतो. युद्धांत तो मेळ म्हणजे योजनेचा विजय होता. संग्राहकाच्या बाजारांत तो विटाळ आहे. म्हणून तो भिंग घेऊन बसतो. सांगाड्यावर जे. के. सी. हीं सरकारी तपासनिसाचीं आद्याक्षरें आहेत काय? अक्षरांच्या कडा पहिल्या ठशाच्या आहेत, कीं मागाहून कोणी कोरल्या? जुन्या सनदेचा कागद, शाई, मोडीचें वळण आणि शिक्का पाहून अस्सल कोणती व बनावट कोणती हें ठरविणाऱ्या संशोधकाचेंच हें काम. साधन तेवढें निराळें. सिंगरला लिलावांत एक लाख डॉलरांहून अधिक किंमत आलेली असल्यामुळें बनावट ठसे मारणारेहि निपजले, हें सांगावयास नकोच.

या चिकित्सेचें आम्हांस कौतुक आहे. कोणत्या कारखान्यानें कोणत्या महिन्यांत काय केलें, कोणत्या तपासनिसाची खूण कोठें पडते, याचीं बारीक कोष्टकें या हौशी लोकांनीं जुळविलीं नसतीं, तर उद्योगाच्या इतिहासाचा मोठा पुरावा नाहींसा झाला असता. परंतु एक शंका मनांतून जात नाहीं. पांचशेंपैकीं पुष्कळ पिस्तुलें विमानदळाकडे गेलीं. कांहीं समुद्राच्या तळाशीं असतील, कांहीं मोडींत गेलीं असतील. जें पिस्तूल युद्धांत फिरलें, घामानें गंजलें, दुरुस्तीशाळेंतून भाग बदलून पुन्हां रणांगणावर गेलें, त्याला बाजारांत भाव नाहीं. ज्याला भाव आहे तें पेटींत पडून राहिलें. त्याची झिलई शाबूत राहिली, याचें कारण त्यानें कांहीं पाहिलेंच नाहीं. म्हणजे इतिहासाच्या नांवानें जी किंमत मोजली जाते, ती ज्याच्या अंगावर इतिहास सर्वांत कमी उमटला त्यालाच पोंचते.

माणूस मारण्यासाठीं केलेल्या वस्तूनें आपलें काम न करतां उरावें, याचा खेद कोणीं करावा असें आमचें म्हणणें नाहीं. उलट त्याचें समाधानच वाटावें. पण मूल्य आणि किंमत हीं दोन निराळीं आहेत, एवढें मात्र या पांचशें पिस्तुलांवरून ध्यानांत येतें. त्याच कारखानदाराचें शिवणाचें यंत्र आपल्या माळ्यावर कोठें तरी पडलेलें असेल. तीं लाखांनीं झालीं, म्हणून त्यास गिऱ्हाईक मोडवाल्याखेरीज दुसरें नाहीं. त्यावरचीं सोनेरी अक्षरें आजीच्या हाताखालीं घांसून पुसट झालीं आहेत. आणि ज्या घरांत तीं पुसलीं गेलीं, त्या घरापुरतें तरी त्या यंत्रासारखें दुसरें यंत्र जगांत नाहीं.