स्त्रीकंठ, गायनातील

स्त्रीच्या गाणाऱ्या आवाजाचा विचार स्वरपल्ला (आवाज ज्या खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत फिरू शकतो ते अंतर) व नादगुण अशा दोन अंगांनी करण्यात येतो. स्त्रियांचे स्वरतंतू पुरुषांच्या मानाने आखूड व पातळ असल्याने ते अधिक वेगाने कंप पावतात आणि आवाज उंच लागतो.

पाश्चात्त्य संगीतात स्त्रीकंठाचे मुख्य तीन प्रकार मानतात : सोप्रानो (सु. २६२ ते १,०४७ हर्ट्‌झ), मेझो-सोप्रानो (सु. २२० ते ८८०) आणि काँट्राल्टो (सु. १७५ ते ६९८). प्रत्येकाचा पल्ला सु. दोन सप्तकांचा असतो. तथापि कमाल उंच स्वर कोणता लागतो एवढ्यावरून प्रकार ठरत नाही. कोणत्या स्वरक्षेत्रात आवाज विनासायास व भरदार राहतो, हे अधिक महत्त्वाचे. समूहगायन व संगीतिका यांत रचनेची पट्टी आधीच लिहिलेली असल्याने अशी विभागणी तेथे आवश्यक ठरली.

भारतीय संगीतात गायिका आपला षड्ज स्वतः निवडते. पुरुष बहुधा पांढरी एक ते काळी दोन, तर स्त्रिया बहुधा पांढरी पाच ते काळी पाच या पट्ट्यांत गातात. त्यामुळे येथील वर्गीकरण पल्ल्यापेक्षा गुणांकडे झुकले. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्‌गदेवाने तेराव्या शतकात संगीतरत्नाकर या ग्रंथात मंद्र, मध्य व तार यांची हृदय, कंठ व मूर्धा ही स्थाने सांगितली आणि आवाजाचे खाहुल (स्निग्ध, मधुर), नाराट (घन, गंभीर), बोंबक (पोकळ, रुक्ष) व मिश्रक असे चार भेद मानले.

महाराष्ट्रात ‘स्त्रीचा आवाज’ ही कल्पना मात्र काळानुसार बदलत गेली. संगीत रंगभूमीवर तिचा आदर्श दीर्घकाळ बालगंधर्व (१८८८–१९६७) या पुरुष नटाच्या कंठाने घडविला. मैफलीत केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांचा खुला, भरदार आकार आणि हिराबाई बडोदेकर (१९०५–८९) यांचा कोमल, सुरेल लगाव या दोन्हींना सारखीच मान्यता मिळाली. ध्वनिक्षेपकामुळे आवाज दूरवर फेकण्याची गरज उरली नाही व नाजूक आवाजही प्रभावी ठरू लागले. महल (१९४९) या चित्रपटानंतर लता मंगेशकर (१९२९–२०२२) यांचा उंच, तलम आवाज चित्रपटगीतांत प्रमाण ठरला. याउलट गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांतील आवाज उंच व बारीक आहे. घशाच्या विकारावरील उपचारांनंतर तो खाली उतरला व भारदस्त झाला. तोच पुढे त्यांच्या गायकीचे वैशिष्ट्य ठरला.

सामुदायिक गायनात हा प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. वर्धा जिल्ह्यासह विदर्भात कोजागरी पौर्णिमेपर्यंत म्हटली जाणारी भुलाबाईची गाणी मोजक्या स्वरांत फिरतात. त्यामुळे भिन्न कंठांच्या मुलींना ती एका पट्टीत म्हणता येतात. शाळांतील प्रार्थना वा समूहगीते यांचा पल्ला मोठा असला व पट्टी उंच धरली, तर खालच्या आवाजाच्या मुली एक तर ताणून गातात किंवा गप्प राहतात. स्त्रीपुरुषांच्या सहगायनातील अडचण जसराज (१९३०–२०२०) यांनी ‘जसरंगी’ या जुगलबंदीत निराळ्या प्रकारे सोडविली. तीत पुरुषाचा मध्यम हा स्त्रीचा षड्ज होतो आणि दोघेही आपापल्या पट्टीत वेगवेगळे राग गातात.

सारांश, उंच आवाज म्हणजेच स्त्रीचा आवाज हे समीकरण शरीरशास्त्राचे नसून अभिरुचीचे आहे. कंठाची प्रकृती न ओळखता लादलेल्या पट्टीने स्वरतंतूंवर ताण पडतो व त्यांवर गाठीही येऊ शकतात. म्हणून शिक्षणाच्या आरंभी विद्यार्थिनीचा स्वाभाविक षड्ज निश्चित करणे आणि वयानुसार तो पुन्हा तपासणे इष्ट होय.