पडद्यामागचा गडी

मंडळी, एकशिक्षकी शाळा तुमच्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? एकच गुरुजी चारही वर्ग शिकवणार, हजेरी घेणार, घंटाही तेच देणार. ते माहितीचे तक्ते भरायला बसले की शाळा ठप्प.

ब्राउझरचं चौदा वर्षं असंच चाललं होतं. १९९५ साली नेटस्केपच्या ब्रेंडन आईकने जावास्क्रिप्टचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला, तेव्हा पानामागे एकच गुरुजी ठेवले. बटण दाबलेलं ऐकणं, चित्र हलवणं, हिशेब करणं, सगळं त्यांच्याच माथी. मोठा हिशेब निघाला की पान गोठायचं आणि 'स्क्रिप्ट थांबवू का?' अशी चौकट यायची. जुन्या जालकरांना ती आठवत असेलच.

मे २००७ मध्ये गूगलने गिअर्स आणलं. त्यात वर्करपूल होता, म्हणजे मागच्या खोलीत बसवलेला कारकून. २००९ साली फायरफॉक्स ३.५ आणि सफारी ४ यांनी असा कारकून ब्राउझरमध्येच नेमला. हाच वेब वर्कर. नियम मात्र कडक. वर्गात यायचं नाही, फळ्याला हात लावायचा नाही, निरोप चिठ्ठीनेच धाडायचा. दोघं एकदम फळ्यावर लिहू लागले तर पोरांनी वाचायचं काय? मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो.

जानेवारी २०१५ मध्ये क्रोमने त्याचा धाकटा भाऊ आणला, सर्व्हिस वर्कर. रेंज गेली तरी कपाटात जपलेली प्रत तो पुढे करतो. (घाटातून एसटीने जाणाऱ्यांना याचं मोल कळेल!) पवईच्या आयआयटीतल्या मुलांनी २०१२ साली मुंबईत सुरू केलेल्या हाउसिंग डॉट कॉमने २०१६ साली आपल्या मोबाइल साइटला त्याला जुंपलं.

पण गडी राबतो कुणासाठी? सप्टेंबर २०१७ मध्ये कॉइनहाइव्ह नावाची स्क्रिप्ट आली. साइटवाल्याने ती पानात घातली की वाचणाऱ्याच्या संगणकावर हेच वेब वर्कर मोनेरो हे आभासी नाणं खणायला बसत. वीज आपली, नाणं दुसऱ्याचं. पान गोठत नसल्यामुळे संशय यायचा नाही. एकट्या गुरुजींना हे काम लावलं असतं तर वर्ग बंद पडून गावभर बोभाटा झाला असता! मार्च २०१९ मध्ये ते दुकान बंद झालं.

असो. आपल्या ब्राउझरमध्ये कोण कोण मुक्कामाला आहे ते बघायचं असेल तर सेटिंगमध्ये साइटनिहाय साठवलेल्या माहितीची यादी असते. तिथली माहिती पुसली की त्या साइटच्या गड्यालाही रजा मिळते.