बतावणी

बतावणी : तमाशात गण व गवळण झाल्यावर, वगाच्या आधी रंगणारा विनोदी संवाद. दोन-तीन पात्रे, लिहून न ठेवलेले बोलणे आणि हजरजबाबीपणा ही तिची अंगे. सरदार, पाटील वा भटजी यांचे शब्द सोंगाड्या (विनोदी पात्र) मुद्दाम वेगळे ऐकतो, त्यांचा शब्दशः अर्थ घेतो आणि प्रश्न विचारत मोठेपणाचा पोकळ पाया उघडा करतो. तमाशा मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी जोपासला. गावच्या विहिरीवर ज्याला पाणी नव्हते, त्याला पाटलाला उलट प्रश्न विचारण्याची मुभा इथे होती. जातीच्या उतरंडीवरील उपहासाचे बळ याच उलटापालटीत आहे.

इतिहास : जोतीराव फुले यांच्या ‘तृतीय रत्न’ (1855) या नाटकात ग्रहदशेची भीती घालून कुणबी जोडप्याला लुबाडणारा जोशी आहे आणि सोंगाड्याप्रमाणेच विदूषक त्याची लबाडी फोडतो. सत्यशोधक समाजाच्या (स्थापना 1873) विचारांच्या प्रसारासाठी पुढे जलसे उभे राहिले. त्यांनी तमाशाचा साचा घेतला, आशय बदलला. पुढे आंबेडकरी चळवळीच्या जलशांनी गणातील गणपतिस्तवन टाळले आणि बतावणीत सनातनी व अस्पृश्य तरुण समोरासमोर आणले. मंदिरप्रवेश, पाणवठा, शिक्षण हे वादाचे विषय झाले. खानदेशाला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक हे या परंपरेतील प्रमुख जलसाकार.

खानदेश : जामनेरसह पूर्व खानदेशात तावडी, लेवा, अहिराणी, तडवी आणि बंजाऱ्यांची गोरमाटी या बोली शेजारीशेजारी नांदतात. बोलीवरून माणसाची जात, गाव आणि पत ताडली जाते. म्हणून विनोदात बोली हे दुधारी हत्यार ठरते. नाटक-मालिकांत मालक प्रमाण मराठी बोलतो आणि गडी बोली, तेव्हा बोलीवाला अडाणी हा समज घट्ट होतो. सोंगाड्या मात्र तीच बोली शहाण्याच्या तोंडी देतो.

मर्यादा : तमाशाच्या फडाची सुपारी गावच्या कारभाऱ्यांकडून येत असल्याने उपहासाला लगाम बसे. गवळणीत पुरुषाने वठवलेल्या मावशीच्या सोंगात बायकी हावभावांच्या पुरुषाची टिंगल होते. तिथे विनोद दुबळ्यावरच उलटतो.

तुलना : अमेरिकेत डेव्ह शपेल यांच्या ‘शपेल्स शो’ने (2003) छोट्या प्रहसनांतून वर्णद्वेषाची खिल्ली उडवली. पहिल्याच भागात, आपण कृष्णवर्णीय आहोत हे ठाऊक नसलेला एक अंध माणूस गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाचा प्रचार करतो. पुढे दुसऱ्या एका प्रहसनाच्या चित्रीकरणाच्या वेळी ऐकलेल्या एका हसण्याने शपेल अस्वस्थ झाले. ते हसू त्यांना वर्णद्वेषी समजाला छेद देणारे नसून समजावरच पोसलेले वाटले. 2005 मध्ये त्यांनी कार्यक्रम सोडला. मराठीत ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ (2012) या राजकुमार तांगडे लिखित नाटकाने लोकनाट्याच्या वळणाने जातीधर्माच्या राजकारणाची झडती घेतली.

महत्त्व : बतावणीतील तोच शब्द सोसणाऱ्याच्या तोंडी जाब असतो आणि सोसायला लावणाऱ्याच्या तोंडी टोमणा. म्हणून शब्दाइतकेच, तो कोण कोणाला बोलतो हेही पाहून तिची पारख करावी लागते.